‘पोर्टमँटो’ शब्द नेमका कशाला म्हणायचं? समास, संधी, संकरित शब्द यांच्याशी गल्लत होतेय

गोदाकाठ (नांदेड)
नमस्कार. सेटच्या (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) भाषाविज्ञानाची तयारी चालू आहे. ‘पोर्टमँटो’चे दोन टिपणांत दोन अर्थ दिलेत. एकात ‘दोन शब्दांचे तुकडे जोडून झालेला शब्द’, तर दुसऱ्यात ‘दोन व्याकरणिक अर्थ सांगणारा एकच रूपिका-तुकडा’ (रूपिका म्हणजे शब्दाचा अर्थ असलेला सर्वांत लहान तुकडा). बरोबर कोणता? शब्द मुळात आला कुठून? आणि स्वारातीम, वनामकृवि, महाबीज, कागदपत्र यांतले पोर्टमँटो कोणते?

मांजराकाठ (लातूर)
आधी मूळ सांगतो. फ्रेंचमध्ये ‘पोर्ते’ म्हणजे वाहून नेणं आणि ‘मांतो’ म्हणजे अंगावर घ्यायचा झगा. इंग्रजीत हा शब्द प्रवासाच्या पेटीसाठी रुळला. ही पेटी पुस्तकासारखी मधोमध उघडायची आणि तिला दोन सारखे कप्पे असायचे. लुईस कॅरलच्या 1871 च्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मध्ये हम्प्टी डम्प्टी अ‍ॅलिसला एका कवितेतले अनोळखी शब्द उलगडून सांगतो, तेव्हा तो याच पेटीची उपमा देतो: एकाच शब्दात दोन अर्थ भरलेले. त्याचं उदाहरण ‘स्लायदी’. त्यात ‘लाइद’ (लवचीक) आणि ‘स्लायमी’ (बुळबुळीत) हे दोन्ही आहेत. त्याच कवितेतला ‘चॉर्टल’ तर आज इंग्रजी कोशांत आहे.

आजच्या फ्रेंचमध्ये मात्र ‘पोर्तमांतो’ म्हणजे कपडे अडकवायची खुंटी किंवा हँगर. अशा शब्दांना तिथे ‘मो-वालीझ’ म्हणतात, म्हणजे सरळ ‘पेटीशब्द’. मराठीतही हा प्रतिशब्द मला सगळ्यात चपखल वाटतो. ‘जोडशब्द’ म्हणू नका, तो समासासाठी आधीच वापरात आहे.

दुधना
ओळखायची कसोटी अशी: शब्द फोडा आणि दोन्ही तुकडे तपासा. ‘मीठभाकर’मध्ये मीठही अख्खं, भाकरही अख्खी, म्हणून समास. ‘साखरभात’मध्ये ‘घालून केलेला’ हे मधलं पद गळलंय, पण साखर आणि भात शाबूत आहेत. तो मध्यमपदलोपी, पेटीशब्द नव्हे. संधीत फक्त सांध्यावरचे वर्ण बदलतात. ‘सूर्योदय’ फोडला की सूर्य आणि उदय पूर्ण परत मिळतात. ‘मोटेल’ फोडला तर मोटरचं शेपूट आणि हॉटेलचं डोकं हाती लागत नाही. ते कापलं गेलंय, आणि हाच पेटीशब्द.

आता तुमची यादी. ‘स्वारातीम’ (स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा, पुढे ‘विद्यापीठ’) आणि ‘वनामकृवि’ (वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) हे आद्याक्षरी शब्द. प्रत्येक पदाचं पहिलं अक्षर घेतलंय, तुकड्यांवरून मूळ शब्द ओळखू येत नाहीत. ‘महाबीज’ (राज्याचं बियाणे महामंडळ) मात्र काठावरचा. महाराष्ट्रातला ‘महा’ कापलेला, बीज अख्खं. काही अभ्यासक याला पेटीशब्द म्हणतील, मी ‘कापीव समास’ म्हणेन. ‘महावितरण’ही तसाच. इथे एक खड्डा आहे: ‘महा’ म्हणजे मोठं असं समजून विद्यार्थी कर्मधारय लिहून मोकळे होतात.

‘कागदपत्र’ हा संकरित समास आहे. कागद फारसीतून, पत्र संस्कृतातून. ‘गैरसमज’, ‘बाजारहाट’, ‘वडापाव’ (पाव पोर्तुगीज) हेही संकरित. निजामी अमलात राहिलेल्या आपल्या भागात असे शब्द पावलोपावली ऐकू येतात, म्हणून गल्लत सहज होते. संकरित की नाही हा प्रश्न तुकड्यांच्या कुळाचा. पेटीशब्द की नाही हा प्रश्न कापाचा. दोन्ही वेगवेगळे तपासा. ‘मिंग्लिश’ (मराठी + इंग्लिश) या शब्दात दोन्ही लागू पडतात.

मांजराकाठ (लातूर)
राहिला दुसरा अर्थ. तोही बरोबर आहे. 1947 मध्ये अमेरिकी भाषावैज्ञानिक चार्ल्स हॉकेट यांनी ‘पोर्टमँटो’ ही संज्ञा रूपिकेसाठी वापरली. फ्रेंचमध्ये ‘आ’ आणि ‘ल’ एकत्र आले की ‘ओ’ होतं, आणि त्या एका तुकड्यात शब्दयोगी अव्यय कुठे संपलं, आर्टिकल कुठे सुरू झालं हे दाखवता येत नाही. मराठीत जवळचं उदाहरण: ‘गेला’मधला ‘आ’. पुल्लिंग आणि एकवचन दोन्ही त्याच एका ‘आ’त, लिंगाचा वेगळा आणि वचनाचा वेगळा तुकडा निघत नाही. प्रश्नात ‘रूपिका’ दिसलं तर हा अर्थ, ‘शब्दसिद्धी’ दिसलं तर पहिला.

गोदाकाठ (नांदेड)
आता स्पष्ट झालं, आभार. मिश्र भाषेला ‘धेडगुजरी’ म्हणतात, तो शब्द उत्तरात चालेल का?

दुधना
नको. त्यात एका जातीचं नाव हिणवण्यासाठी आलेलं आहे. ‘मिश्र’ किंवा ‘संमिश्र’ लिहा.

उदाहरणं देताना तुकड्यांचा क्रमही बघा. बहुधा मागचा तुकडा वर्ग ठरवतो: मोटेल हे एक प्रकारचं हॉटेलच. पण ‘लायगर’ आणि ‘टायगॉन’मध्ये क्रमाला वेगळा अर्थ आहे. लायगरचा बाप सिंह आणि आई वाघीण, टायगॉनचा बाप वाघ आणि आई सिंहीण. बापाचा तुकडा आधी. गहू आणि राय यांच्या संकराचं नाव ‘ट्रिटिकेल’ हे ट्रिटिकम आणि सेकेल या दोन शास्त्रीय नावांतून झालंय, शेतीची उदाहरणं हवी असतील तर हे घ्या.

आणि ‘इमोजी’ यादीत घालू नका. तो ‘इमोशन’पासून आलेला नाही. जपानीत ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजी’ म्हणजे अक्षर, दोन्ही अख्खे, म्हणजे साधा समास. ‘इमोटिकॉन’ मात्र खरा पेटीशब्द, इमोशन आणि आयकॉन कापून केलेला.