मदत हवी आहे: नवी ओ-रिंग टाकूनही टाकीच्या नॉबपाशी बुडबुडे

उथळपाणी:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे ११.१ लिटरची ॲल्युमिनियमची स्कूबा टाकी आहे, वर साधा योकचा व्हॉल्व्ह (रेग्युलेटर शिकंज्याने आवळून बसवतात तो). मागे एकदा पाण्यात उतरल्यावर जोडीदाराने माझ्या डोक्यामागे बोट दाखवलं. नॉबच्या बुडाशी बारीक बुडबुड्यांची माळ लागली होती. वर आल्यावर टाकीचं तोंड बादलीत बुडवून पाहिलं. व्हॉल्व्ह बंद केला की बुडबुडे बंद, उघडला की पुन्हा सुरू. योकच्या तोंडाशी आणि मानेशी काहीच नाही.

मग स्वतःच खोललं. नॉबवरचा नट सोडवताच स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली, ती शोधण्यात अर्धा तास. बॉनेट (नॉबखालचं पितळी झाकण) काढल्यावर स्टेमवर, म्हणजे नॉबने फिरणाऱ्या दांड्यावर, दोन चिमुकल्या ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) दिसल्या, त्यातली एक चक्क चौकोनी झालेली. शिवणाच्या सुईने उकरून काढल्या. घरात नळदुरुस्तीचा ओ-रिंगांचा डबा होता, त्यातल्या तंतोतंत दिसणाऱ्या दोन निवडल्या, सिलिकॉन ग्रीस लावून बसवल्या. दोन डाइव्ह एकदम कोरडे ठाक. तिसऱ्याला पुन्हा माळ! आणि आता नॉब फिरवताना जड लागतो, आतून करकर येते.

चुकलं कुठे? बॉनेट आणखी आवळू का?

पाणडुबी:
आवळू नका. आणि आधी एक सांगा, खोलताना टाकी रिकामी आहे हे कशावरून ठरवलंत?

उथळपाणी:
रेग्युलेटरच्या (टाकीची हवा तोंडाशी आणणारं साधन) गेजवर शून्य होतं की.

पाणडुबी:
हीच भीती होती. गेज बसतो व्हॉल्व्हच्या पुढे. व्हॉल्व्ह बंद करून पर्जचं, म्हणजे रेग्युलेटरमधली हवा सोडायचं, बटण दाबलं की मागे २०० बार दाब असला तरी गेज शून्यच दाखवणार. त्या दाबाला तुमच्या टाकीत सव्वादोन हजार लिटरच्या आसपास हवा असते. बॉनेट बंदुकीच्या गोळीसारखं सुटलं असतं.

बंद असताना गळत नाही, याचं कारण सीट (व्हॉल्व्ह बंद करणारी आतली गादी) खालीच हवा अडवते आणि स्टेमच्या खोलीत दाबच पोचत नाही. त्यामुळे 'बंद करून खोललं तर काय बिघडतं' असा मोह होतो. बिघडतं. व्हॉल्व्ह हळूहळू उघडून टाकी पूर्ण रिकामी करा. घाई केली तर धातू गार पडून दव धरतं. आवाज थांबल्यावरही व्हॉल्व्ह उघडाच ठेवा आणि तसाच खोला. नॉब फिरतोय पण हवा येतच नाही, असं असेल तर ती टाकी भरलेली समजा. आतली नळी तुंबलेली असू शकते किंवा स्टेम तुटलेला. अशी टाकी हात न लावता सर्व्हिसवाल्याकडे.

काठावरचा_बेडूक:
+१. बाकी नळाच्या डब्यातली रिंग म्हणजे चपलेला सुतळीचा अंगठा. कॅलिपर असेल तर जाडी मोजा. बऱ्याच व्हॉल्व्हांच्या रिंगा इंची मापाच्या, १.७८ मिमी जाड असतात. नळवाल्या मेट्रिक डब्यात १.५ आणि २. डोळ्याला फरक कळत नाही, खाचेला कळतो.

उथळपाणी:
मोजली. जुनी १.८ च्या आसपास, मी टाकलेली बरोब्बर २. म्हणजे जडपणा त्यामुळेच?

काठावरचा_बेडूक:
माझ्या मते हो. जाड रिंग बसताना चिमटते, फिरताना कडा कुरतडली जाते. दोन डाइव्ह टिकली हेच नशीब. शिवाय रबराचा कडकपणाही वेगळा असतो. योकच्या तोंडाची ०१४ नंबरची रिंगसुद्धा ९० ड्युरोचीच (ड्युरो म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) घ्या, मऊ रिंग दाबाने फटीत घुसते.

पाना_पक्कड:
बेडूकराव, जडपणा पटला, पण करकर रबराची नसते. असे व्हॉल्व्ह मी रोज खोलतो, म्हणून थोडं सविस्तर.

व्हॉल्व्ह उघडा असताना आतला दाब स्टेमला बाहेर ढकलतो. स्टेमचा खांदा टेकतो बॉनेटच्या आतल्या बाजूला. दोन्ही पितळेचे, म्हणून मध्ये टेफ्लॉनची पातळ चकती असते. लोक ओ-रिंग बदलतात आणि चकती 'ठीक दिसतेय' म्हणून तीच परत घालतात. ती झिजली की पितळ पितळावर घासतं, त्याची पूड ग्रीसमध्ये मिसळते आणि नवी रिंग पॉलिशच्या कागदावर घासल्यासारखी खलास होते. मग माणूस पुन्हा रिंगच बदलतो. बॉनेट कितीही आवळा, यात काडीचा फरक पडत नाही.

खोलून तीन गोष्टी बघा. चकती शाबूत आहे का. जुन्या ग्रीसमध्ये सोनेरी चमक आहे का. आणि सुई वापरलीत म्हणून तिसरं, स्टेमच्या खाचेतून नख फिरवा. अडलं तर ओरखडा आहे, आणि ओरखड्यातून हवा जातेच. ओ-रिंग काढायला पितळी किंवा प्लॅस्टिकचा आकडा वापरायचा, पोलाद कधीच नाही.

सुटे भाग जुळवत बसू नका, त्या व्हॉल्व्हच्या उत्पादकाचं किट घ्या. त्यात चकती, सीट, रिंगा सगळं एकत्र येतं. टाकी साध्या हवेची आहे ना? ऑक्सिजन जास्त असलेल्या मिश्रणाची असेल तर सिलिकॉन ग्रीस चालत नाही, ऑक्सिजनला चालणारंच लागतं, आणि सफाईही वेगळी.

उथळपाणी:
साधी हवाच. खोललं, या वेळी व्हॉल्व्ह उघडा ठेवून. भिंगाखाली पाहिलं तर चकती एका बाजूने कागदाएवढी पातळ आणि दुसऱ्या बाजूला चिरलेली. ग्रीस काळंकरडं, उजेडात धरलं की चमचमतं. आणि खाचेत नख दोन ठिकाणी अडलं. सुईचा प्रताप. स्टेमसकट किट मागवतोय.

एक शंका: हातासरशी व्हॉल्व्ह मानेतूनही काढून तिथली रिंग बदलू का?

पाणडुबी:
तिथून गळत नसेल तर आत्ता नको, वार्षिक तपासणीला टाकी उघडतीलच. कधी व्हॉल्व्हच बदलायची वेळ आली तर मात्र आट्यांचा शिक्का वाचल्याशिवाय हात लावू नका. एम-२५ बाय २ (मेट्रिक आटे) आणि पाऊण इंची एनपीएसएम (इंची मापाचे आटे) दिसायला भावंडं आहेत. एम-२५ चा व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत सैलसर बसतो, थोडा दाब धरतोही, आणि भरताना सुटतो. माणसं दगावली आहेत त्यात.

उथळपाणी (अपडेट):
किट आलं. व्हिनेगर-पाणी निम्मंनिम्मं करून पितळी भाग दहा मिनिटं बुडवले, गोड्या पाण्याने खळखळून धुतले, पूर्ण वाळवले. ग्रीस फक्त चमक येईल एवढंच. आधी ३० बारला बादलीत, मग पूर्ण भरून पुन्हा बादलीत. एक बुडबुडा नाही. नॉब दोन बोटांनी फिरतोय. त्यानंतर सहा डाइव्ह झाले.

पाना_पक्कड:
छान. आता बंद करताना मूठ आवळून पिळू नका, हवा थांबली की थांबायचं. नाहीतर पुढचा धागा सीटचा काढाल.

उथळपाणी:
😄 स्प्रिंग मात्र या वेळीही कपाटाखालीच गेली.