मदत हवी आहे: माउझरची जुनी नळी काढायचीय, पण ती बॅरल व्हाइसमध्येच घसरते

आट्यापाट्या

नमस्कार मंडळी,

मी परवानाधारक बंदूक-दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये लेथ आणि फिटिंगचं काम बघतो. सध्या टेबलावर .३०८ विंचेस्टर काडतुसाची एक स्पोर्टर (शिकारीची हलकी) रायफल आहे, ॲक्शन, म्हणजे काडतूस भरायची-डागायची यंत्रणा, माउझर ९८. चेंबरच्या पुढे गंजाने खड्डे पडलेत, रायफलिंगच्या कडा गेल्यात. नवी नळी बसवायचं ठरलंय.

गाडं अडलंय जुनी काढण्यावर. आमचा बॅरल व्हाइस म्हणजे दोन स्टीलचे ठोकळे, मधे गोल भोक, दोन्ही बाजूंना एकेक एम १२ बोल्ट. नळी आणि ठोकळा यांच्यामधे पितळी पत्रा घालतो. रिसीव्हरला (ॲक्शनचा मुख्य सांगाडा, ज्यात नळी आट्यांनी बसते) पाना लावून जोर दिला की रिसीव्हर ढिम्म, नळीच आत गरकन फिरते. पत्रा आरशासारखा चकाकायला लागलाय आणि नळीच्या ब्लूइंगवर (गंज रोखणाऱ्या काळसर-निळ्या थरावर) गोल पट्टा उमटलाय. ही नळी भंगारातच जाणार, तिचं मला काही नाही. पण नवी नळी याच व्हाइसमध्ये धरायची आहे आणि तिच्यावर ओरखडा उठलेला चालणार नाही.

मोठा, चार बोल्टचा तयार व्हाइस घ्यावा, की आहे त्यालाच नीट बुश (ठोकळा आणि नळी यांच्यामधे बसणारं, नळीच्या मापाचं अस्तर) करून घ्यावेत? बुश कशाचे? आणि नवी नळी पुढे निमुळती आहे, तिचं काय करायचं?

टॉर्कमामा

नवा व्हाइस घ्यायच्या आधी जरा हिशेब करू.

नळी घट्ट करायला साधारण १३६ न्यूटन-मीटर, म्हणजे १०० फूट-पाउंड धरतात. वर्षानुवर्षं बसून राहिलेली नळी सोडवायला त्याच्या दुप्पट लागले तरी नवल नाही, म्हणून २७० धरू. नळीचा व्यास ३० मिलिमीटर. दाब गुणिले घर्षणांक गुणिले व्यास, एवढी व्हाइसची पकड. तेलकट पितळेवर घर्षणांक ०.१ धरला तर दाब लागतो ९० किलोन्यूटन, म्हणजे नऊ टनांच्या वर. तुमचा एम १२ बोल्ट ६० न्यूटन-मीटरने आवळला तर देतो साधारण २५. दोन बोल्टचे ५०. फिरणारच ना राव!

आता तोच घर्षणांक ०.३ करा. लागणारा दाब ३० वर येतो आणि तुमचे दोन बोल्ट आरामात पुरतात. मोठ्या व्हाइसपेक्षा कोरडा पृष्ठभाग स्वस्तात काम करतो. पितळी पत्रा आधी काढून टाका, तो इथे बेअरिंगचं काम करतोय.

कानसकरी

मामांच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत आहे: बुश नळीला सगळीकडून टेकतो. बहुतेक वेळा तो टेकत नाही. भोक नळीपेक्षा पाव मिलिमीटर मोठं असलं तरी दोन रेघांवर सगळा भार येतो, तिथे दाबल्याच्या खुणा पडतात आणि बाकी नळी मोकळीच.

मी असं करतो. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचे दोन भाग करायचे, मधे अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरचा शिम (पातळ पत्रा) ठेवून एकत्र आवळायचे आणि लेथवर नळीच्या मापाला तंतोतंत बोअर मारायचा. मग शिम काढून टाकायचा. आता आवळताना दोन भागांत फट राहते आणि सगळा दाब नळीवरच जातो. फट बंद झाली की समजायचं, बोल्ट एकमेकांशी भांडताहेत, नळीशी त्यांचा संबंध उरलेला नाही. नळीवर मार्करने रेघोट्या मारा, बुश आवळा, सोडा आणि आत शाई कुठे लागली ते बघा. निम्म्याहून कमी भागावर लागली असेल तर पुन्हा बोअर.

मग नळी आणि बुश दोन्ही ॲसिटोनने पुसायचे. बोटाचा तेलकटपणासुद्धा नको. वरून राळेची बारीक पूड, व्हायोलिनवाले वापरतात तीच. थर देऊ नका, नुसती भुरभुरवा. काम झाल्यावर स्पिरिटने निघून जाते.

निमुळत्या नळीची काळजी करू नका. स्पोर्टर नळी रिसीव्हरच्या लगत थोडी सरळ असते, निमुळतेपण पुढे सुरू होतं. व्हाइस त्या सरळ भागावरच धरायचा, रिसीव्हरला जेवढा जवळ नेता येईल तेवढा. पुढे पातळ भागावर धरलं की मधला सगळा तुकडा पिळला जातो आणि तुमचा निम्मा जोर नळीला पीळ देण्यातच संपतो. सरळ भाग अगदीच तोकडा असेल तर नळीला मेणाचा थर देऊन स्टील-भरलेल्या इपॉक्सीत बुश ओतून घ्या. जसा उतार तसाच साचा मिळतो.

हळूच_आवळ

सगळे नळीच्याच मागे लागलेत. पान्याबद्दल कोणी विचारणार की नाही? रिसीव्हर तुम्ही कुठे धरताय? मॅगझिनची खिडकी कापलेल्या भागावर पाना असेल तर रिसीव्हर पिळवटून निघेल, आणि त्याला दुसरा आणता येत नाही. पाना पुढच्या रिंगवरच हवा, म्हणजे रिसीव्हरच्या ज्या गोल भागात नळी बसते तिथे. खालची बाजू सपाट टेकणारी आणि वरचा जबडा रिंगच्या गोलाईचा. माउझर ९८ च्या लार्ज रिंगचा व्यास १.४१० इंच, स्मॉल रिंगचा १.३००. एकीचा जबडा दुसरीला चालवू नका.

रायफलचा बोल्ट (मागून चेंबर बंद करणारा सरकता दांडा), स्टॉक, ट्रिगर, दुर्बीण सगळं आधीच उतरवलेलं असेल, चेंबर रिकामं बघितलं असेल, असं धरतो. तरी एकदा बघा.

आणि आंच देऊ नका. ९८ चा रिसीव्हर वरून कठीण केलेला असतो. टॉर्च लावून ती कठीणता घालवलीत तर पुढे बोल्टचे लॉकिंग लग (त्याला अडकवून धरणारे दात) जिथे टेकतात तिथे खळगा पडतो आणि हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर, वाढत जातं. आट्यांत पेनिट्रेटिंग तेल सोडून रात्रभर ठेवा, हवं तर आणखी एक रात्र. तेल फक्त आट्यांत, व्हाइसच्या बाजूला ओघळू द्यायचं नाही, नाहीतर मामांचं गणित परत पहिल्या ओळीवर.

टॉर्कमामा

पान्याचं बरोबर. त्यात एवढंच घालतो की लांब पाइप लावून दाबत बसू नका. पान्याच्या दांड्यावर जड, मऊ तोंडाच्या हातोड्याने एक खणखणीत ठोका द्या. बसलेले आटे झटक्याला सुटतात.

हळूच_आवळ

मामा, ठोक्याला माझा विरोध आहे, निदान पहिल्या फेरीत तरी. व्हाइस नीट धरतोय हे ठरलेलं नसताना ठोका दिला की नळी पुन्हा घसरते आणि राळेची पूड भाजून काचेसारखी होते. आधी व्हाइस, नळी आणि रिसीव्हर यांवरून खडूची एक सरळ रेघ ओढा, मग ती बघत सावकाश जोर. रेघ व्हाइसपाशी तुटली तर बुश कमी पडतोय, रिसीव्हरपाशी तुटली तर नळी सुटली. नळी धरून राहतेय एवढी खात्री झाली की मग हवा तेवढा ठोका.

आट्यापाट्या

सगळ्यांचे आभार. पाना पुढच्या रिंगवरच आहे, लार्ज रिंगचा. बुश आजच लेथवर घेतो.

आणखी एक. आमच्या उस्तादांचं म्हणणं, नळी भंगारच आहे तर रिसीव्हरच्या अगदी पुढे, नळीच्या खांद्याजवळ (आट्यांपुढे जिथे ती जाड होते तिथे) लेथवर खाच मार, ताण मोकळा होऊन हाताने फिरेल. करू का?

कानसकरी

एम १९१७ एनफील्ड या जुन्या लष्करी रायफलवर ही युक्ती फार चालते, कारण तिथे नळीचा खांदा रिसीव्हरच्या तोंडावर दाबून बसतो. माउझर ९८ ची गोष्ट वेगळी. हिच्या रिसीव्हरच्या आत एक कडं असतं आणि नळीचं मागचं तोंड त्यावर टेकतं. दाब आत असतो, बाहेर खाच मारून तो फारसा सुटत नाही. उस्तादांनी बहुधा एनफील्ड केल्या असतील.

हेच नवी नळी बसवताना लक्षात ठेवा. आधी आतल्या कड्याची खोली मोजा आणि नळीचं मागचं तोंड त्या हिशेबाने घ्या. बाहेरचा खांदा आधी टेकला तर आत फट राहते आणि नळी कधीच नीट बसत नाही. आटे इंचाला १२, कोन ५५ अंशांचा. ६० च्या हत्याराने कापलेली नळी आत जाईलही, पण आट्यांच्या टोकांवरच बसेल.

हळूच_आवळ

बसवताना आट्यांना अँटी-सीझ ग्रीस, नाहीतर पुढच्या कारागिराला हाच धागा उघडावा लागेल. आवळून झालं की एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारा आकडा) काढलेल्या बोल्टने हेडस्पेसचे गेज घाला, किमान मापाचा गो आणि त्याहून मोठा नो-गो. .३०८ चा गो गेज १.६३० इंच, नो-गो १.६३४. गो वर बोल्ट अलगद बंद व्हायला हवा, नो-गो वर नाही. अंतिम टॉर्क देऊन झाल्यावरच तपासा. हाताने आवळून घेतलेलं माप पुढे बदलतं. आणि जिथे नळी बदलल्यावर पुन्हा प्रूफ (जादा दाबाच्या काडतुसाने अधिकृत चाचणी) करून घेणं बंधनकारक आहे, तिथे ते झाल्याशिवाय रायफल मालकाच्या हातात द्यायची नाही.

आट्यापाट्या

अपडेट: ॲल्युमिनियमचे बुश, ॲसिटोन, राळ, एवढंच केलं. व्हाइस तोच, बोल्टही तेच. खडूची रेघ रिसीव्हरपाशी तुटली. ठोका द्यावाच लागला नाही, मामा माफ करा. आतल्या कड्याची खोली आता डेप्थ मायक्रोमीटरने घेतोय.