अतिक्रमण डोळ्यांनी दिसतंय, मग सुनावणी कशाला?

पायवाट : काल एका परिचितांची पोस्ट वाचली. 'बेकायदा बांधकाम डोळ्यांनी दिसतं. त्याला नोटीस, सुनावणी हे लाड कशाला? सकाळी दिसलं, दुपारी पाडा.' खाली नुसता टाळ्यांचा पाऊस. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

माझे वडील फुटपाथवर शिलाई मशीन घेऊन बसायचे. परवाना होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली तेव्हा तो हातात धरून "साहेब, एकदा वाचा" म्हणत ते ट्रकमागे चालत राहिले. मशीन आत फेकलं, चाक तुटलं. गिऱ्हाइकांचे कपडेही त्यातच गेले. पंचनामा नाही, जप्तीची यादी नाही. अकरा दिवसांनी कोणीतरी परवाना वाचला आणि म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." ही दोन मिनिटं आधी द्यायची, एवढंच तर मागणं आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस, सुनावणी आणि पाडताना चित्रीकरण बंधनकारक केलं. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई वसूल करा असंही सांगितलं. ते लाड म्हणून नव्हे.

गल्लीतली : निकाल पूर्ण वाचा. रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी अशा सार्वजनिक जागांवरच्या अनधिकृत बांधकामांना तो लागू नाही. म्हणजे फुटपाथचा किस्सा सांगून तुम्ही भलताच निकाल पुढे करताय.

आता माझं ऐका. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकाने स्वतःच्याच प्लॉटवर दोन खोल्या पुढे काढल्या. सहा वर्षं नोटीस, उत्तर, सुनावणी, स्थगिती, पुढची तारीख. सासूबाईंना झटका आला त्या रात्री ॲम्ब्युलन्स आत वळेना. चादरीत घालून चौघांनी उचलून नेलं. मी पुढे टॉर्च धरून चालत होते, त्यांची एक चप्पल वाटेत पडली. त्या घरी परत आल्या नाहीत. तुमची दोन मिनिटं आमच्याकडे सहा वर्षं झाली.

रोखठोक : शंभर टक्के सहमत. नोटीस हातात पडली की आधी वकील, मग स्थगिती. प्रामाणिक माणूस नोटिशीला घाबरतो, बनेल माणूस तिची वाटच बघतो.

पायवाट : गल्लीतली, वाईट वाटलं वाचून. निकालाबद्दल तुमचं बरोबर, तिथे मी घाई केली. पण फुटपाथवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. माल उचलला तर यादी द्यायची आणि नाशवंत नसेल तर मागणी केल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत सोडायचा. आम्हाला अकरा दिवस लागले. शिवाय १९८५ मध्ये, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात, न्यायालयाने म्हटलंच होतं की विनानोटीस हटवण्याचा अधिकार कायद्यात असला तरी तो अपवादानेच वापरायचा.

रोखठोक : आणि शेवटी हटवायची परवानगी दिलीच ना? फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हणाले. तेही सांगा की.

पायवाट : दिली. मी कुठे नाही म्हणतोय? हटवा, पण आधी ऐका.

शाईपेन : नोटीस दिली म्हणजे कळली का, हे कोणीच विचारत नाही. माझ्या मामीला आलेली नोटीस 'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की' अशी सुरू होऊन दीड पानावर संपत होती. मुदत शेवटच्या ओळीत, तीही शिक्क्याखाली दडलेली. तिला वाटलं घरपट्टीचं काहीतरी असेल. मुदत टळली. पुढे उच्च न्यायालयात आदेश इंग्रजीत, म्हणजे स्वतःच्याच घराबद्दल काय ठरलं ते वकिलाने सांगेल तेवढंच.

रोखठोक : विषयांतर. भाषेचा धागा वेगळा काढा.

शाईपेन : तुम्हाला इंग्रजी येतं म्हणून हे विषयांतर वाटतं! खालच्या न्यायालयांची भाषा मराठी असं १९९८ मध्ये ठरलं, तरी इंग्रजी निकालपत्रं हातात पडतातच. घटनेच्या कलम ३४८ नुसार राष्ट्रपतींच्या संमतीने उच्च न्यायालयाच्या कामकाजात राज्याची भाषा आणता येते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहारने हिंदी आणली. आपण काय केलं?

रोखठोक : कायद्याच्या भाषेत नेमकेपणा लागतो. घरगुती मराठीत नोटीस काढली तर पहिल्याच तारखेला उडेल.

शाईपेन : 'अमुक तारखेपर्यंत उत्तर द्या, नाहीतर भिंत पाडू' यात कुठला नेमकेपणा कमी पडला? सांगाच.

रोखठोक : बरं, तारीख वर आणि ठळक छापा. एवढं मान्य. बाकी नाही.

गल्लीतली : तुमचं भाषेचं चालू द्या. मला एकच सांगा. सहा वर्षांतल्या सगळ्या सुनावण्या त्याच्या. मला एकदाही बोलावलं नाही. ऐकून घ्यायचं ते फक्त ज्याचं बांधकाम आहे त्याचंच का? १५ दिवस काय, महिना द्या, पण मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मला तिथे माणसं दिसली पाहिजेत.

पायवाट : हे मी लिहिताना डोक्यातच आलं नव्हतं. तक्रारदाराला बोलवायलाच हवं. त्या स्थगितीच्या दाव्यात तुम्हाला पक्षकार करून घ्या, असा अर्ज दिला होता का?

गल्लीतली : असा अर्ज देता येतो हे आत्ता तुमच्याकडून कळतंय. तारखेचे कागद त्याच्या घरी यायचे. आम्हाला निकाल कळायचा तो त्याच्या घरासमोर फटाके वाजले की.