मदत हवी आहे : घरच्या शिलाईपासून स्वतःच्या लेबलपर्यंत
गेली तीन वर्षे मी घरातल्या एकाच शिलाई मशीनवर मापाप्रमाणे कपडे शिवून देत आहे आणि आता स्वतःच्या लेबलखाली तयार कपडे विकण्याची मनापासून इच्छा आहे. प्रसिद्ध फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेल यांनी १९१० मध्ये पॅरिसमध्ये टोप्यांच्या दुकानापासून सुरुवात केली होती. त्यामुळे मीही आधी एकाच प्रकारच्या कपड्यावर भर द्यावा, असे मला वाटते. खरी अडचण मापांची आहे: एका पॅटर्नवरून (कापड कापण्याच्या कागदी साच्यावरून) लहानमोठी मापे काढताना छाती आणि कंबर जुळते, पण मुंढा (बाही जोडण्याची जागा) बिघडतो आणि बाही नीट बसत नाही. ग्रेडिंगचे हे काम अनुभवी पॅटर्न मास्टरकडून करून घ्यावे की स्वतः शिकावे? तसेच भांडवल न विकलेल्या मालात अडकू नये म्हणून पहिल्या खेपेत किती मापे ठेवावीत, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.