हुकूम, हकीम, हिकमत: 'ह-क-म' धातूचा पसारा

हाकिम म्हणजे अंमलदार आणि हकीम म्हणजे वैद्य. मग हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे कसे, असा प्रश्न आला आहे. ते एकाच धातूचे आहेत हे नक्की. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांवर उभे असतात आणि मधले स्वर बदलले की नवा शब्द तयार होतो. ह-क-म या तीन व्यंजनांपासून झालेला 'हाकिम' म्हणजे ती क्रिया करणारा, आणि 'हकीम' म्हणजे तो गुण ज्याच्या अंगी मुरलेला आहे असा.

आता ती क्रिया कोणती? आपण 'हुकूम' ऐकला की आज्ञा समजतो. जुन्या अरबीत मात्र 'हुक्म'चा पहिला अर्थ निवाडा. दोघांचा तंटा तोडणाऱ्याला 'हकम' म्हणत. कुराणाच्या चौथ्या अध्यायातल्या ३५व्या आयतीत, नवरा-बायकोत बेबनाव होण्याची भीती असेल तर त्याच्या घरचा एक 'हकम' आणि तिच्या घरचा एक 'हकम' नेमा, असे सांगितले आहे. इथे आज्ञा देणारा कुणीच नाही. दोन्ही घरची दोन शहाणी माणसे बसून मिटवामिटवी करणार आहेत. आजच्या अरबीत फुटबॉलच्या पंचालाही 'हकम'च म्हणतात आणि न्यायालयाला 'महकमा'. उर्दू-हिंदीत आल्यावर हाच महकमा सरकारी खाते होऊन बसला.

हा फरक लक्षात घेतला नाही तर इतिहासही चुकीचा वाचला जातो. इ.स. ६५७ मध्ये सिफ्फीनच्या लढाईत चौथे खलिफा अली आणि त्यांना न मानणारा सीरियाचा सुभेदार मुआविया यांच्यातला वाद पंचांवर सोपवायचे ठरले. या पंचायतीला 'तहकीम' म्हणतात. अलींच्याच सैन्यातल्या एका गटाने ती धुडकावली. त्यांची घोषणा होती 'ला हुक्म इल्ला लिल्लाह'. पुढे खारिजी म्हणून ओळखले गेले ते हे लोक. 'आज्ञा फक्त अल्लाहची' असे भाषांतर केले तर ही माणसे नेमकी कशावर चिडली होती तेच कळत नाही. 'निवाडा फक्त अल्लाहचा' म्हटले की भांडण उलगडते: देवाने करायचा निवाडा माणसांच्या हाती दिलात कसा, हा त्यांचा राग होता.

निवाड्यापासून शहाणपणापर्यंत अर्थ कसा पोचला? दहाव्या शतकातला कोशकार इब्न फारिस सांगतो की या धातूचे मूळ एकच, ते म्हणजे रोखणे. पुरावा म्हणून घोड्याच्या लगामाचा जबड्याभोवती येणारा भाग दाखवला जातो. त्याचे नाव 'हकमा'. लगाम घोड्याला आवरतो, निवाडा जुलमाला आवरतो, 'हिकमा' म्हणजे शहाणपण माणसाला मूर्खपणापासून आवरते. मांडणी देखणी आहे आणि मला ती फार आवडते, पण ती पूर्ण पटत नाही. हिब्रू ही अरबीची सख्खी बहीण, आणि तिच्यात हाच धातू 'शहाणे असणे' एवढ्याच अर्थाने येतो ('हाखाम' म्हणजे ज्ञानी). लगाम किंवा निवाडा तिथे नाही. त्यामुळे शहाणपणाचा अर्थ निदान तितकाच जुना असावा आणि शहाण्या माणसाकडे लोक तंटे घेऊन जाऊ लागले, असा उलटा प्रवासही संभवतो.

हकीम वैद्य झाला, कारण वैद्यक हा 'हिकमा'चाच, म्हणजे तत्त्वज्ञानाचा भाग मानला जाई. मध्ययुगातला प्रसिद्ध पंडित इब्न सीना वैद्य आणि तत्त्वज्ञ दोन्ही होता. सीरिया-लेबनॉनकडे बोलीत आजही डॉक्टरला हकीम म्हणतात. पॅलेस्टिनी नेते जॉर्ज हबश 'अल-हकीम' म्हणून ओळखले जात, कारण ते शिकलेले डॉक्टर होते.

याशिवाय 'मुहकम' म्हणजे पक्के, न ढळणारे. त्यातून फारसी-उर्दूत 'इस्तेहकाम', म्हणजे बळकटी. मराठीला ही शाखा फारशी लाभली नाही.

मराठीत हे शब्द फारसीच्या वाटेने, दफ्तरातून आले, म्हणून 'हुकूम' आणि 'हुकमत' यांत अधिकाराचा वास राहिला. निवाड्याचा जुना अर्थ मात्र एका शब्दात टिकून आहे: दिवाणी कोर्टाचा 'हुकूमनामा'. त्यात दोन पक्षांपैकी हक्क कुणाचा हे कोर्टाने ठरवलेले असते; जुन्या अरबाने त्याला बिनदिक्कत 'हुक्म' म्हटले असते. 'बरहुकूम'ची गंमत वेगळी. फारसी 'बर' म्हणजे 'वर', तेव्हा 'हुकुमावर चालून' असा मूळ अर्थ. पुढे हुकूम विसरला गेला आणि 'ठरल्याबरहुकूम', 'नमुन्याबरहुकूम' असे आपण सहज म्हणू लागलो. मग खऱ्या हुकुमासाठी तोच शब्द पुन्हा जोडावा लागला: 'हुकुमाबरहुकूम'. पत्त्यांत इतर पानांवर चालते ते हुकुमाचे पान. 'हुकमी एक्का' तिथलाच. 'हुकमी उपाय' म्हणजे कधी न चुकणारा.

'हिकमत' आपल्याकडे येऊन युक्ती, करामत झाली. हिकमती माणूस तत्त्वज्ञ नसेल, पण अडलेले काम काढून देईल. काही जण याला अर्थाची घसरण म्हणतात. मला तसे वाटत नाही. 'वस्तू तिच्या जागी ठेवणे' अशी हिकमाची एक जुनी अरबी व्याख्या आहे आणि आपला हिकमती माणूस करतो ते हेच.

प्रतिसाद: मग 'हक्क', 'हकीकत', 'नाहक' हेही याच धातूचे का?

उत्तर: नाही, तो धातू वेगळा. अरबीत क दोन आहेत. हुकूमचा 'काफ' आपल्या क सारखा. हक्कचा 'क़ाफ' घशात खोलवर उच्चारायचा. देवनागरीत दोन्ही एकाच अक्षराने लिहितो, म्हणून घोटाळा होतो. हक्क, हकीकत, नाहक, तहकीक (चौकशी) हे ह-क़-क़ या धातूचे. त्याचा गाभा 'खरे असणे, ठरलेले असणे'. अर्थाने दोन्ही कुळे शेजारी नांदतात, कारण निवाडा करायचा तो हक्काचाच. पण रक्ताचे नाते नाही. 'हाकिम' आणि 'हकीम' यांत मात्र ते आहे, म्हणून लिहिताना त्यांची वेलांटी जपावी.