घरच्या चटणीची जाहिरात करायचीय, एजन्सी धरू, व्लॉगर धरू की नुसतं व्हॉट्सॲप? (कोल्हापूर)

चटणीवाली_लेक
नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमची आई कांदा-लसूण चटणी करते (बाहेरगावच्यांसाठी : आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षाचा मसाला, इडलीबरोबरची पांढरी नव्हे). सात-आठ वर्षं ओळखीओळखीत जाते, सीझनला तीनेकशे किलो. संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला, कांदा गच्चीवर वाळवून तळलेला, आणि डंकावर कुटून आणताना आई स्वतः तिथं बसते कारण तिला कायम वाटतं की नजर हटली की आपली मिरची बदलणार. बाबा रिटायर झालेत, दोघांचाही उत्साह उतू चाललाय, म्हणून यंदा जरा वाढवायचं ठरवलंय. फूडचं रजिस्ट्रेशन काढलं, लेबल छापलं, पिशव्या सील करायचं मशीन घेतलं. आता जाहिरात.

एका एजन्सीवाल्यानं महिन्याला १८ हजार सांगितलेत, १२ पोस्ट आणि ८ रील, जाहिरातीला घालायचे पैसे वेगळे. सॅम्पल म्हणून त्यानं एआयवर केलेला व्हिडिओ दाखवला. नऊवारीतली आजी पाट्यावर चटणी वाटतेय, नथ उजव्या नाकपुडीत, आणि मधेच वरवंट्याची बाटलीच झाली हो! पाट्यावर हिरवी मिरची नि वाटीत पडते लाल चटणी. आईनं चष्मा लावून दोनदा बघितलं आणि म्हणाली, "ही बाई कोणाची? हिला देठं तरी खुडायला येतात का विचार."

दुसरा पर्याय एक फूड व्लॉगर, एका रीलचे १२ हजार आणि वर दोन किलो चटणी. माझं सगळं बजेट आहे २५ हजार, तेही बाबांच्या पैशातलं, त्यामुळं उडवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. कुणी केलंय का असलं काही? खरं खरं सांगा.

पेठेतला_बंड्या
आधी एक किलो पाठव, खाऊन बघतो, मग सल्ला.

जाहिरातीतला_माणूस
मी मूळचा कसबा बावड्याचा, आता पुण्यात याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, त्या १२ पोस्टमधल्या निम्म्या कसल्या असतात माहितीये का, मकर संक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा, महिला दिनाच्या हार्दिक शुभेच्छा, खाली कोपऱ्यात तुमचा लोगो. शुभेच्छा बघून कुणी चटणी घेत नाही. रील्सवर लोक अंगठ्यानं पुढं ढकलत असतात, पहिल्या दोन-तीन सेकंदात काही दिसलं नाही की गेले, आणि ती आजी तर आता सगळ्यांच्याच पेजवर आहे, लोणच्यात तीच, पापडात तीच, नथ तेवढी इकडून तिकडं. एआयचं असेल तर तसं लेबल लावावं लागतं ही भानगड वेगळीच. तुमच्याकडं खरी आई आहे, डंक आहे, गच्ची आहे, तुम्ही खोटी आजी कशाला विकत घेताय?

पण मुद्द्याचं सांगतो. कोल्हापुरात जाहिरात करूच नका. कोल्हापुरात प्रत्येकाची आई, मावशी, नाहीतर शेजारच्या काकू चटणी करतात आणि प्रत्येकाला आपल्याच घरची भारी वाटते. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे गाव सोडून गेलेलं माणूस. हिंजवडीत, कोथरूडला, ठाण्यात, बंगळुरूत भाड्यानं राहणारं, ज्याचा आईनं दिलेला डबा जानेवारीतच संपलाय आणि जो पुन्हा माग म्हटलं तर लाजतो. मेटाच्या (म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या) जाहिरातीत शहर निवडता येतं, भाषा मराठी निवडता येते, आणि बटण दाबलं की थेट तुमच्या व्हॉट्सॲपवर चॅट उघडेल अशी जाहिरात लावता येते. वेबसाइट-बिबसाइट काही लागत नाही.

दिवसाला २००-३०० रुपये, दहा दिवस, बस्स. वर १८ टक्के जीएसटी धरा. आणि आयफोनच्या ॲपमधनं बूस्ट (पैसे भरून पोस्ट पुढं ढकलायचं बटण) दाबू नका, ॲपल वरचे ३० टक्के लावतं, तीच जाहिरात कॉम्प्युटरच्या ब्राउझरवरनं लावली की तेवढे वाचतात. हे मी एका क्लायंटचे पैसे गेल्यावर शिकलोय, तुम्ही फुकटात शिका.

आणि उद्या एजन्सी धरलीच तर ॲड अकाउंट, पेज, सगळं तुमच्या नावावर काढून त्यांना नुसता ॲक्सेस द्या. त्यांच्या अकाउंटवरनं चालवलं की भांडण झाल्या दिवशी तुमची सगळी कमाई त्यांच्याकडं.

तांबडा_पांढरा
व्लॉगरच्या नादाला लागू नको, आमच्या मामाच्या खानावळीचं सांगतो. १५ टेबलं, सगळं ठरलेलं गिऱ्हाईक. एका व्लॉगरनं रील टाकली, लई भारी झालती खरंच, रस्सा ओततानाचा स्लो मोशन नि वर ढोल, चार लाखाच्या वर व्ह्यू. पुढचे तीन रविवार रस्त्यापर्यंत रांग. मामा खूश. पण मटण तेवढंच, भांडी तेवढीच, चुलीवर मामी एकटी, दीड वाजता पांढरा संपला. मग सुरू झालं, गूगलवर एक-एक स्टार, "इतक्या लांबून आलो आणि रस्सा नाही म्हणाले." आणि खरं नुकसान काय तर रोजचे दहा-बारा जण, जे वीस वर्षं यायचे, ते रांग बघून दुसरीकडं जायला लागले ते गेलेच. चौथ्या रविवारी रांगही नाही आणि तेही नाहीत. मामा अजून त्या रीलचं नाव काढलं की ताट आपटतो.

जाहिरातीतला_माणूस
@तांबडा_पांढरा तो व्लॉगरचा दोष नाही म्हणणार मी. मामांनी रविवारचा माल दुप्पट करायची तयारी आधी करायला हवी होती. चटणी टिकते, रश्श्यासारखं नाही.

तांबडा_पांढरा
टिकते खरं, पण करायला उन्हाळाच लागतोय न्हवं? मिरची वाळवायला काय व्लॉगर येणाराय व्हय.

उद्यमनगर_काका
आमच्या वेळी पेपरात पॅम्प्लेट घालायचो, हजार कागद, शंभर घरं फोन करायची. (शंभर जास्त झाले, चाळीस धरा.) फ्लेक्स लाव मिरजकर तिकटीला.

पेठेतला_बंड्या
काका फ्लेक्स नको, तिथं आधीच सगळ्या भावी नगरसेवकांचे वाढदिवस चाललेत, चटणीला जागा कुठली.

सुप्रिया_इचल
मी साड्यांचं करते घरनं, पाच वर्षं झाली, त्यामुळं एवढंच सांगते की नवीन गिऱ्हाईक आणायच्या आधी जुनं सांभाळायची व्यवस्था लाव. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग कर, पाव किलो, अर्धा, एक किलो, फोटो आणि भाव लिहून. भाव लिहिच! "भाव इनबॉक्समध्ये" हा प्रकार बघितला की माझं तरी डोकं फिरतं. गिऱ्हाइकांना लेबल लावता येतं, मी नवीन, पैसे बाकी, पार्सल गेलं असं लावते.

ब्रॉडकास्टचं (एकच मेसेज एकदम सगळ्यांना धाडायचा तो) एक लक्षात ठेव, तुझा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. मी सुरुवातीला महिनाभर मेसेज टाकत होते आणि वाट बघत बसले होते, नंतर कळलं की निम्म्यांना पोचतच नव्हते. म्हणून आता प्रत्येक पार्सलात एक चिठ्ठी असते, क्यूआर छापलेला, खाली "नंबर सेव्ह करा, नवीन माल आला की कळवते". विचारल्याशिवाय ग्रुपमध्ये मात्र कुणाला ढकलू नकोस, लोक ब्लॉक करतात आणि रिपोर्टही करतात, असे बरेच रिपोर्ट झाले तर नंबर बंद पडायची भीती.

आणि पहिल्या ऑर्डरला कागदावर लिहून ठेव कुणी किती नेली. चार माणसांच्या घरात अर्धा किलो कधी संपते ते तुझ्या आईला झोपेतही माहीत असणार. संपायच्या आठवडाभर आधी एक साधा मेसेज, काकू चटणी पाठवू का? माझी निम्मी विक्री या एका वाक्यावर चालते.

कलम_काढणारा
व्लॉगरला पैसे किंवा फुकट चटणी, दोन्हीपैकी काहीही दिलंत तरी रीलवर ती जाहिरात आहे हे स्पष्ट दिसलं पाहिजे. एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वतःच्या नियामक संस्थेनं २०२१ मध्ये हे नियम काढले, जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानंही मार्गदर्शक सूचना दिल्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. तुमच्यावर कुणी एवढं आणणार नाही, पण "आईच्या चटणीनं कोलेस्टेरॉल कमी होतं" असलं त्या व्लॉगरच्या तोंडून निघालं तर अडचण तुमची. लेबलवर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी नंबर आलाय ना?

चटणीवाली_लेक
आलाय आलाय, दोनदा तपासला. पहिल्या छपाईत एक आकडा खाल्लेला, पाचशे लेबलं रद्दीत गेली.

रंकाळा_पहाटे
चपलांचं उदाहरण देतो. जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला आल्या, कोल्हापूरचं नाव कुठं नाही, मग जो गदारोळ झाला तो सगळ्यांनी बघितला, शेवटी त्यांनी मान्य केलं की प्रेरणा इकडची. आता जीआय (भौगोलिक) मानांकन तर २०१९ पासूनच होतं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार असे आठ जिल्हे त्यात आहेत, पण बाहेरच्यांना ते त्या आठवड्यात कळलं. मुद्दा असा की एवढी फुकटची जाहिरात आयुष्यात एकदा होते. माझ्या ओळखीचे एक कारागीर, हातात कला अशी की बघत राहावं, त्यांच्या पेजवर शेवटची पोस्ट दिवाळीची, ती पण दोन दिवाळ्या आधीची, आणि दिलेला नंबर बंद. लोक शोधत होते आणि यांचा पत्ताच नाही. तेव्हा गूगलवर तुमची नोंद करून ठेवा, फुकट आहे. शिवाय जुलै २०२५ पासून इन्स्टाच्या बिझनेस अकाउंटवरच्या पब्लिक पोस्ट गूगलच्या सर्चमध्ये यायला लागल्यात, म्हणून रीलखाली नुसते बदाम नि मिरच्या टाकू नका, "कोल्हापुरी कांदा-लसूण चटणी घरपोच" असं मराठीत नीट लिहा.

जाहिरातीतला_माणूस
+१. आणि बिझनेस अकाउंटवर सिनेमातली गाणी लावू नका, आवाज काढून टाकतात. डंकाचा आवाज ठेवा, तेच गाणं.

चटणीवाली_लेक (तीन आठवड्यांनी)
झालं ते सांगते, तुम्हा लोकांचं देणं लागते.

एजन्सीला नाही म्हटलं, व्लॉगरलाही. शनिवारी डंकावर गेलो तेव्हा मी माझ्या फोनवर शूट केलं, काही ठरवलं नव्हतं. आईनं डंकवाल्याला "मीठ मागनं, मीठ मागनं, किती वेळा सांगू" म्हणून दम भरला, तेवढ्यात मिरचीची धूळ उडाली आणि एकामागनं एक सगळ्यांना ठसका, डंकवाला, त्याचा पोरगा, रांगेतल्या दोन बायका, आणि बाबा नाकाला टॉवेल लावून सरळ रस्त्यावर पळाले. आई एकटी तशीच बसलेली, चाळणी हातात, डोळ्यातनं पाणी, पण जागची हललेली नाही. तेवढीच २२ सेकंदं टाकली.

आपोआप ३८ हजार व्ह्यू झाले, मग कॉम्प्युटरवरनं ३००० रुपये लावले, पुणे, ठाणे, बंगळुरू, मराठी. व्हॉट्सॲपवर ६१ जण आले. त्यातल्या निम्म्यांचा पहिला मेसेज "भाव?" एवढाच, भाव रीलखाली लिहिलेला असताना (सुप्रियाताई, हे लोक वाचतच नाहीत गं). पंचवीस-तीस जण "बरं कळवतो" म्हणून गायब. १९ ऑर्डरी आल्या, सगळी मिळून २३ किलो. कोल्हापुरातनं एकच ऑर्डर, तीही पुण्यातल्या मुलाला परस्पर पाठवा म्हणून. बावडेकर, तुमचं बरोबर निघालं.

कमेंटमध्ये वेगळंच युद्ध पेटलंय. एक म्हणतोय खोबरं घातलं की ती कोल्हापुरी नाहीच, दुसरा म्हणतोय तीळ जास्त दिसतात म्हणजे साताऱ्याची. आईला मी वाचून दाखवलं ही माझी चूक, आता ती दुपारी जेवण झालं की फोन घेऊन बसते आणि एकेकाला व्हॉइस मेसेज टाकते, काल एकाला चार मिनिटं खोबरं भाजायचं कसं ते सांगितलं. त्यानं दोन किलो घेतली.

दोन पार्सलं कुरिअरमध्ये तेल सुटून आली, फोटो आले, बदलून दिली. आता आतली पिशवी जाड घेतलीय.

खरी अडचण पुढंच आहे. तीस किलोच शिल्लक आहे आणि मेसेज चालूच आहेत. बाबा म्हणतात ॲडव्हान्स घेऊन एप्रिलचं बुकिंग सुरू कर. आई म्हणते मिरची बघितल्याशिवाय मी कुणाला शब्द देणार नाही, यंदाची संकेश्वरी कशी येतेय काय माहीत, आणि दुसरी मिरची घालून माझं नाव लावायचं नाही. घरात दोन दिवस अबोला. जाहिरात मी तात्पुरती बंद केलीय. बुकिंग घ्यावं का, आणि घेतलं तर ॲडव्हान्स किती, कुणाचा अनुभव?

सुप्रिया_इचल
ॲडव्हान्स नको. नावं लिहून घे, मिरची आली की पहिला फोन त्यांना. आई बरोबर आहेत.

जाहिरातीतला_माणूस
मी थोडा ॲडव्हान्स घेतला असता, २० टक्के, म्हणजे गायब होणारे कळतात. पण काकूंशी वाद घालायची माझी हिंमत नाही. तुमच्या बाबांनी त्या मिरचीच्या धुळीतच घातलेला बरा.

पेठेतला_बंड्या
ते सगळं राहू दे, माझा एक किलो कुठाय?

चटणीवाली_लेक
@पेठेतला_बंड्या आई विचारतेय कुणाचा रे तू, कुठल्या तालमीजवळ राहतोस. सांग, बाबा संध्याकाळी फिरायला निघाले की देतील. पैसे रोख.