‘हलक्यात घेणे’ मराठी आहे का?

पेठकर:
फेब्रुवारी २०२५ मध्ये एकनाथ शिंदे ‘मला हलक्यात घेऊ नका’ म्हणाले आणि मथळ्यांपासून टपरीपर्यंत जो तो ‘हलक्यात’ घ्यायला लागला. ‘हल्के में लेना’ जसंच्या तसं उचललंय. कमी लेखणे, तुच्छ लेखणे, खिजगणतीत न धरणे एवढं घरात असताना ही उसनवारी कशाला?

संत्रानगरी:
‘काय बे, हलक्यात घेऊन राह्यला का?’ हे आमच्या गल्लीत शिंदेंच्या कितीतरी आधीपासून चालतं. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होती. हिंदी आमच्या शेजारी नाही, घरातच राहते. आणि तुमच्या ‘कमी लेखणे’तलं ‘कमी’ फारसी. ‘हलका’ मात्र संस्कृत ‘लघुक’पासून, प्राकृतात अक्षरांची अदलाबदल होऊन आलेला. सांगा आता, उसनं कोणतं?

पेठकर:
कुळी कोण विचारतंय? हलक्या कानाचा, हलक्या हाताने, सगळं आपलंच. ‘हलक्यात’ला ‘घेणे’ जोडायची रीत हिंदीची, एवढंच म्हणणं आहे.

रिकामटेकडी:
मग ‘गांभीर्याने घेणे’ कुठून आलं? इंग्रजीची सरळ नक्कल, तरी अग्रलेखात मानाने बसते. आपलं ‘मनावर घेणे’ होतं की! शिवाय ‘कमी लेखणे’ आणि ‘हलक्यात घेणे’ यांचा अर्थ एक नाहीच. ‘लेखणे’ म्हणजे मानणे, गणणे; ‘माझ्या लेखी’मधलं तेच. कमी लेखणारा आधी समोरच्याची किंमत ठरवतो. सुनेचा पगार मुलापेक्षा जास्त आहे हे ठाऊक असूनही ‘तिची आपली छोटीशी नोकरी’ म्हणणारी सासू तिला कमी लेखते. हलक्यात घेणारा किंमत वगैरे ठरवत बसत नाही, नुसता बेसावध राहतो. ‘वरंधा घाटातल्या धुक्याला कमी लेखू नका’ म्हणून बघा, जिभेवर बसतंय का.

कंपाउंडर:
दुखण्याला तर तिसरंच. ताप ‘अंगावर काढतात’. अंगावर काढणाऱ्याला आपण आजारी आहोत हे पक्कं माहीत असतं, तरी तो गोळी घेऊन कामावर जातो. हलक्यात घेणाऱ्याला ताप आहे हेच पटत नाही. दवाखान्यात दोघेही उशिरा येतात, पण ओरडावं लागतं वेगवेगळं.

पेठकर:
धुक्याचं आणि तापाचं मान्य. पण क्रिकेटच्या बातमीत ‘प्रतिस्पर्ध्याला हलक्यात घेतलं’ वाचलं की अजून खटकतं. ‘गाफील राहिले’ लिहा की सरळ. (गाफील अरबी आहे, ठाऊक आहे. संत्रानगरीने तसदी घेऊ नये.)